दक्षिण फ्रान्स: ओर्ब आणि जोर नद्यांच्या खोऱ्यातले शांत सायकल-रस्ते. मुक्काम कुठे, महिना कोणता?

अनवट_चाके

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीला जोडून दक्षिण फ्रान्समध्ये आठ दिवस सायकल चालवायचा आमचा, म्हणजे मी आणि बायको दोघांचा, विचार आहे. सायकली इथूनच नेणार. दोन्ही रोडबाईक, पुढे ५०/३४ दात, मागे ११-२८ दातांची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच), २५ मिमी टायर. सिंहगड, ताम्हिणी, वरंधा या घाटांची सवय आहे. दिवसाला ६० ते ८० किमी आणि हजारभर मीटर चढ चालेल. खोगिराला एक पिशवी आणि हँडलला एक, इतकंच सामान.

नदी, डोंगर, द्राक्षमळे, जुनी गावं असं सगळं हवं आहे. मात्र मुख्य अट एकच, गाड्या कमी हव्यात.

कच्चा आराखडा असा: दोन दिवस आर्देशची घळ, मग सें-गिलेम-ल-देझेर, मग नाव्हासेलचा सर्क (कड्यांनी वेढलेला खोलगा), शेवटी जमलं तर मों एगुआल हा डोंगर. रोज नवा मुक्काम. यात काय बदलाल? त्या भागात चालवलेल्यांनी रस्त्यांच्या क्रमांकासकट सांगितलं तर फार बरं होईल.

---

तुलूझकर

आराखड्यातली पहिली दोन ठिकाणं तुमच्याच अटीत नापास होतात. आर्देशच्या घळीवरचा डी २९० (डी म्हणजे जिल्हा-रस्ता) देखणा आहे, पण तो मुळात पर्यटकांसाठी काढलेला रस्ता. मोटरसायकलवाल्यांची ती आवडती वळणं आणि दर थोड्या अंतरावर बघायची जागा, त्यामुळे गाड्या अचानक वळतात, थांबतात. सें-गिलेमचंही तसंच. गाव सुंदर आहे, पण एरो नदीच्या अरुंद घळीत शिरणारा रस्ता एकच. जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत गावातून बाहेर पडा आणि डी ४ ने उत्तरेला कोस-द-ला-सेलकडे निघा. गाव मागे पडलं की गर्दी आपोआप गळते.

माझं मत: पश्चिमेला सरका. ओर्ब आणि तिला मिळणारी जोर, या दोन नद्यांचं खोरं धरा. बेझिये शहराच्या उत्तरेला कारू आणि एस्पिनूझ हे डोंगर भिंतीसारखे उभे आहेत, त्यांच्या पायथ्याशी जोर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तारासाकपाशी ती ओर्बला मिळते आणि ओर्ब तिथून काटकोनात वळून दक्षिणेला, समुद्राकडे जाते. रस्त्यांचं सगळं गणित या वळणावर आहे.

खोऱ्यातला मोठा रस्ता डी ९०८, बेदारिय ते सें-पाँ. त्यावर ट्रक असतात, कडेला पट्टा फारसा नाही. बेझियेहून सें-पाँवरून मझामेकडे जाणारा डी ६१२ त्याहून वाईट. हे दोन्ही नकाशावर लाल पेनाने खोडून टाका. डी ९०८ च्या सोबतीने जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट जाते, तिचं नाव पासा पाईस. बेदारिय ते मझामे, ७५ किमीच्या वर. मोटारींना बंदी. रेल्वेची वाट असल्याने चढ इतका सौम्य की गिअर बदलायची आठवणही होत नाही. पृष्ठभाग मात्र बहुतेक ठिकाणी डांबराचा नाही, दाबलेल्या बारीक खडीचा आहे. कोरड्यात २८ मिमी टायरला काही अडचण नाही. पावसानंतर पांढरा चिखल साखळीत जातो आणि ब्रेक करकरायला लागतात.

मुक्काम ओलार्गमध्ये करा आणि हलूच नका. गाव छोटं आहे, पण पासा पाईस पायथ्यातूनच जाते. आयफेलच्या कारखान्याने बांधलेला लोखंडी रेल्वेपूलही तिथेच आहे, तुम्ही त्यावरून सायकल न्याल. तिथून निघणारे फेरे असे.

पहिला, ओर्बची घळ. पासा पाईसने पूर्वेला मों-ला-त्रिव्हाल आणि तिथून तारासाक. तिथे डी १४ धरून दक्षिणेला व्ह्यूसाँ, मग रोकब्रँ. ओलार्गपासून रोकब्रँ साधारण २५ किमी. या रस्त्याने कुणी घाईने कुठे जात नाही, म्हणूनच तो शांत. नदीकाठचा रस्ता म्हणजे सपाट असं मात्र समजू नका. घळ अरुंद झाली की रस्ता कड्यावर चढतो, पुन्हा पाण्यापर्यंत उतरतो. छोटे छोटे चढ, कुठलाच लांब नाही, पण बेरीज भरते. रोकब्रँमध्ये हवा इतकी उबदार की उघड्यावर लिंबू-संत्र्याची झाडं टिकतात. पुढे सेसनोंपर्यंत खोरं रुंदावतं आणि द्राक्षमळे सुरू होतात. परतताना तोच रस्ता नको असेल तर बेर्लूवरून व्ह्यूसाँकडे डोंगर ओलांडणारी अरुंद वाट आहे. चढ खडा, सावली कमी, पण गाडी क्वचितच दिसेल.

दुसरा फेरा या भागाचा मुकुटमणी. ओलार्गहून उत्तरेला पुन्हा डी १४, पण आता वर, फोंफ्रुआद खिंडीपर्यंत. ओलार्ग १८० मीटरच्या आसपास, खिंड ९७१ मीटरवर. म्हणजे जवळपास ७९० मीटर चढ, बारा किमीच्या आतबाहेर. खाली ऑलिव्ह आणि हिरवे ओक, मध्ये चेस्टनट, वर बीचचं दाट रान. एकाच चढात हवामान बदलतं, कारण खिंड पाणलोटावर आहे: अलीकडचं पाणी भूमध्य समुद्रात, पलीकडचं आगू नदीतून अटलांटिककडे. खाली ऊन असताना वर धुकं आणि आठ-दहा अंश कमी तापमान ही नेहमीची गोष्ट, तेव्हा वाऱ्याचं जाकीट सोबत हवंच.

खिंडीपलीकडे फ्रेस-सुर-आगू, मग ला साल्व्हता. पठारावरचा हा टप्पा निवांत. ला साल्व्हताहून डी ९०७ ने काबारतू खिंड ओलांडून सें-पाँ. डी ९०७ वर थोड्या गाड्या असतात, पण उताराचा भाग मोठा असल्याने तो लवकर संपतो. सें-पाँमध्ये, जिथे जोर कड्याखालून उगम पावते, तिथून पासा पाईसने हलक्या उतारावर घरी. एकूण ७५ किमीच्या आसपास. फेरा याच दिशेने करा. उलट केलात तर डी ९०७ चढावा लागतो, आणि चढताना गाड्या जास्त वेळ पाठीवर असतात.

तिसरा, पाय भक्कम असतील तरच: ल पूजोलहून डी १८० ने कोंब, मादाल खिंड, मग ऊर्तिगास. दरी उजव्या-डाव्या हाताला सारखी उघडत जाते. वर डी ५३ ला लागून फोंफ्रुआदवरून ओलार्गला उतरायचं. या वाटेवर चहा-पाण्याची सोय जवळपास नाही, खायचं खाली बांधून घ्या.

एक दिवस सायकलला सुट्टी द्या आणि मों-ला-त्रिव्हालहून एरिकच्या घळीत पायी जा.

---

गिअरनाना

रस्ते तुलूझकरांनी सांगितलेच, मी यंत्राबद्दल लिहितो.

३४/२८, म्हणजे पुढे ३४ आणि मागे २८ दात, हा सामानाशिवायच्या घाटाचा गिअर. हिशेब करून बघा. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ३४/२८ वर वेग साधारण ९.२ किमी. आठ टक्क्यांच्या चढावर सायकल-सामानासह ८५ किलो वजन त्या वेगाने ओढायला १८० वॉटच्या वर लागतात. तेच ३४/३४ वर वेग ७.५ किमी आणि शक्ती दीडशे वॉट. सिंहगडावर एकदा १८० वॉट काढणं वेगळं आणि आठ दिवस रोज काढणं वेगळं. फोंफ्रुआद दीडशे वॉटने चढलात तर सव्वा ते दीड तास लागेल आणि दुसऱ्या दिवशी पाय शाबूत असतील.

तेव्हा ११-३४ कॅसेट लावा, पण नुसती कॅसेट बदलून भागत नाही. मागच्या डिरेलरची, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची, जास्तीत जास्त दात घेण्याची मर्यादा तपासा. आखूड पिंजऱ्याचे बरेच जुने डिरेलर २८ किंवा ३० वरच थांबतात, ३४ ला मधल्या लांबीचा पिंजरा लागतो. साखळीही नवी घ्या, आधीपेक्षा दोन इंच म्हणजे चार कड्या लांब. जुन्याच साखळीवर चुकून पुढे ५० आणि मागे ३४ पडलं तर साखळी ताणली जाऊन डिरेलर हँगरसकट (तो फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीसकट) मोडतो. त्या खोऱ्यात सायकलचं दुकान शोधत बेदारियपर्यंत जावं लागेल, आणि तुमच्याच फ्रेमचा हँगर तिथे मिळेल अशी आशा धरू नका. प्रत्येक सायकलमागे एक जादा हँगर, तोही घरी बसवून पाहिलेला. विमानात डिरेलर काढून, फडक्यात गुंडाळून चौकटीच्या आत बांधा. खोक्यात सर्वांत आधी वाकतो तो हँगरच.

टायर ३२ मिमी बसत असेल तर ३२, नाहीतर २८. पंचवीसवर पासा पाईसची मजा जाते. ७० ते ७५ किलोच्या माणसाला ३२ मिमीमध्ये ट्यूबसह पुढे ५०, मागे ५५ पीएसआय पुरे. याहून फार कमी केलंत तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटून दोन भोकं पडतात. जास्त भरलंत तर खडीवर चाक नाचतं.

रिमब्रेक असतील तर नवे पॅड लावून जा. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वळणाआधी दोन्ही जोरात दाबायचे, वेग पाडायचा, सोडायचे. सतत घासल्याने रिम तापते आणि ट्यूबवरचे चिकटवलेले जुने ठिगळ सुटतात. म्हणून उताराच्या दिवशी ठिगळाची ट्यूब चाकात ठेवू नका, ती सुटी बरोबर न्या. डिस्क असेल तर पॅडची जोडी नेमक्या मॉडेलची जवळ हवी. गॅसच्या छोट्या नळकांड्यांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापेक्षा हातपंप सोपा.

---

पर्जन्यछाया

गिअरपेक्षा महिना महत्त्वाचा आहे. दिवाळी म्हणजे ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबर, आणि या डोंगरांत सर्वांत धोकादायक पाऊस नेमका सप्टेंबर ते नोव्हेंबर याच काळात पडतो. कारण साधं आहे. उन्हाळाभर तापलेल्या भूमध्य समुद्रावरून दमट वारा आग्नेयेकडून येतो, सेव्हेन आणि कारू या डोंगरांच्या भिंतीला धडकून वर चढतो आणि ढग तासन् तास एकाच जागी बरसत राहतात. त्यांच्याकडे याला ‘एपिसोद सेव्हेनोल’ म्हणतात. आपल्याला सह्याद्रीचा पाऊस माहीत आहे म्हणून हे हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे जून लागला की नदी भरलेलीच असते आणि सगळे सावध असतात. तिथे कोरडा ठणठणीत ओढा काही तासांत पूल बुडवतो. सप्टेंबर २०१४ मध्ये लामालू-ले-बेंमध्ये रात्रीतून आलेल्या पुरात माणसं दगावली. ते गाव तुमच्या पासा पाईसवरच आहे.

मे ते जूनचा मध्य हा उत्तम काळ. दिवस मोठा, डोंगर हिरवा, उन्हाचा तडाखा अजून नाही. फक्त मे महिन्यात १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या आणि असेन्शनचा लांब शनिवार-रविवार टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये ३५ अंशांवर पारा, आणि वणव्याचा धोका वाढला की रानातल्या वाटा बंद होतात.

दिवाळीलाच जायचं असेल तर नियम कडक पाळा. मेतेओ-फ्रान्स या तिथल्या हवामान खात्याचा ‘व्हिजिलान्स’ हा इशाऱ्यांचा नकाशा रोज सकाळ-संध्याकाळ बघायचा. जिल्हा एरो, क्रमांक ३४. पिवळा असेल तर घळीत जायचं नाही, पठारावर किंवा खोऱ्याच्या रुंद भागात फिरायचं. नारिंगी असेल तर सायकल बाहेर काढायची नाही. नद्यांच्या पातळीसाठी ‘व्हिजिक्रू’ हे वेगळं संकेतस्थळ आहे. त्या भागात पुष्कळ ठिकाणी आपल्या फरशी पुलासारखे बुटके पूल आहेत, पाणी वरून जाईल अशाच हिशेबाने बांधलेले. वरून घोटाभर गढूळ पाणी वाहत असेल तरी ओलांडू नका. फरशी खालून वाहून गेली आहे की नाही ते दिसत नाही, आणि सायकलची चाकं पाण्याच्या जोराला आडवी असतात.

आणखी दोन गोष्टी शरदातल्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे सूर्यास्त एकदम पावणेसातच्या सुमारावरून पावणेसहावर येतो. दुपारचा फेरा तासाने लहान धरा. आणि चेस्टनटची पानं, काटेरी टरफलं रस्त्यावर पडलेली असतात. ओल्या पानांवर वळणात ब्रेक लावलात की पुढचं चाक गेलंच समजा. शिकारीचा हंगामही तेव्हाच असतो, रानडुकरांची हाकाटी चालू असल्याचे फलक दिसले तर त्या रानवाटेवर शिरू नका, डांबरी रस्त्यावरच राहा आणि भडक रंग घाला.

वाऱ्याबद्दल एक. त्रामोंतान हा तिथला वारा वायव्येकडून येतो, आणि जोरचं खोरं पूर्व-पश्चिम असल्याने त्यात नळीसारखा घुसतो. सकाळी वाऱ्याच्या तोंडावर पश्चिमेला जा, दुपारी पाठीवर घेऊन परत या. उलट दिवस आखलात तर शेवटचे १५ किमी रडवतात.

---

अनवट_चाके

मंडळी, हे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहे. पावसाचं वाचून तारखा मेच्या दुसऱ्या पंधरवड्यावर नेतोय, मुलांची शाळा तेव्हा बंद असते त्यामुळे आजीकडे ठेवायचा प्रश्नही सुटतो. मुक्काम ओलार्ग पक्का. नाना, कॅसेट आणि साखळी दोन्ही बदलतो.

तीन प्रश्न राहिले. ओलार्गला पोहोचायचं कसं? आम्ही दोघंही शाकाहारी (अंडं चालतं), गावात खायचं काय? आणि नाव्हासेल सोडवत नाहीये हो, ते बसवता येईल का?

---

मधली_सुट्टी

खाण्याचं मी सांगते. अंडं चालत असेल तर उपाशी राहणार नाही, पण वेळा पाळल्या नाहीत तर शाकाहारी-मांसाहारी सगळेच उपाशी राहतात. जेवण १२ ते पावणेदोन. दोन वाजता स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद, विनवण्यांचा उपयोग नाही. दुकानंही साडेबाराच्या सुमारास बंद होऊन तीन-चारला उघडतात. गावातली बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद असते, बऱ्याचदा सोमवारी. तो दिवस दारावर लिहिलेला असतो, पोहोचल्या दिवशीच बघून ठेवा. रविवारी दुपारनंतर काहीच मिळत नाही, शनिवारी संध्याकाळी सामान भरून घ्यावं.

उपाहारगृहात ऑम्लेट किंवा गरम शेळीच्या चीजचं सॅलड जवळपास कुठेही मिळतं. सॅलड मागवताना ‘सां लार्दों’ म्हणा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. बेकरीतली फूगास ही जाळीदार पोळी साधी दिसते पण तिच्यातही बऱ्याचदा तेच तुकडे घातलेले असतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर प्रश्नच मिटला. मोठी दुकानं सें-पाँ, लामालू आणि बेदारियला.

पाण्यासाठी गावच्या नळावर ‘ओ पोताब्ल’ (पिण्याचं पाणी) लिहिलं असेल तर बिनधास्त भरा. ‘नों पोताब्ल’ असेल तर फक्त डोक्यावर ओता. नळ सापडला नाही तर स्मशानभूमी शोधा, फुलझाडांसाठी तिथे नळ असतोच, पाटी मात्र तिथेही वाचा. फोंफ्रुआदच्या दिवशी माणशी दोन बाटल्या, म्हणजे दीड लिटर, ओलार्गमधूनच भरून निघा.

---

तुलूझकर

पोहोचायचं असं: पॅरिसहून बेझियेपर्यंत टीजीव्ही ही वेगवान रेल्वेगाडी, चार-साडेचार तास. बहुतेक टीजीव्हीत सायकल चाकं काढून पिशवीत घालावी लागते, तिकीट काढतानाच त्या गाडीचा सायकलचा नियम वाचून घ्या. बेझियेहून मियोच्या दिशेला जाणारी छोटी प्रादेशिक गाडी बेदारियला थांबते, तिच्यात सायकल जोडलेली नेता येते. या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत आणि काही फेऱ्या रेल्वेऐवजी बसने होतात. बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही. वेळापत्रकात गाडीच्या चित्राजागी बसचं चित्र आहे का ते बघा. बेदारियहून ओलार्ग पासा पाईसने पंचवीसेक किमी. सायकलची रिकामी खोकी न्यायला लागू नयेत म्हणून जिथे विमानाने उतराल तिथल्याच हॉटेलात ती ठेवा आणि शेवटची रात्र त्याच हॉटेलात घ्या.

नाव्हासेल एका दिवसात ओलार्गहून होणार नाही. विमानाच्या गावी परतण्याआधीचे दोन मुक्काम गाँज या गावात टाका. गाँजहून डी २५ ने व्हिस नदीच्या घळीतून माद्येर, मग चढून सें-मोरिस-नाव्हासेल. पुढे डी १३० ने बोम-ओरिओलच्या कड्यापाशी या. नदीने सहाएक हजार वर्षांपूर्वी सोडून दिलेलं गोल वळण खाली दिसतं. हेअरपिनांनी तळाशी नाव्हासेल गावात उतरायचं आणि समोरच्या भिंतीवरून ब्लांदासला चढायचं, सुमारे ३०० मीटर. मोंदार्दियवरून परत गाँज. सगळं मिळून ७० किमीच्या आसपास. हा चुनखडीचा प्रदेश, पाणी सगळं जमिनीखाली. माद्येर सोडल्यावर वर नळाची खात्री नाही, तीन बाटल्या घ्या. ब्लांदासचा चढ उघडा आहे, म्हणून सकाळी अकराच्या आत तळ सोडायचा. मों एगुआल या खेपेला विसरा. १,५६० मीटरच्या वर आहे, वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध, आणि तिथे जायचा दिवस हवामान ठरवतं, तुम्ही नाही.

नियमांपैकी आपल्या लोकांना जे माहीत नसतात तेवढे सांगतो. गावात उजवीकडून येणाऱ्या गल्लीला काही खूण नसेल तर तिचा हक्क पहिला, ती कितीही किरकोळ असो. म्हातारे आजोबा न बघता गाडी बाहेर काढतात आणि कायद्याने ते बरोबर असतात. गावाबाहेर रात्री किंवा अंधुक प्रकाशात चमकता अंगरखा सक्तीचा, बोगद्यांसाठीही तोच उपयोगी. कुर्नियूपलीकडे पासा पाईसवर एक लांब बोगदा आहे, आत गारठा आणि ओल, दिवा लागतोच. कानात इअरफोन घालून चालवलं तर १३५ युरो दंड. घंटी हवी. मागून येणाऱ्या गाडीने गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि बहुतेक जण सोडतात. वळणात ते तुमच्या मागे शांतपणे थांबून राहतात, हॉर्न वाजवत नाहीत, म्हणून मागे गाडी आहे हे कळतच नाही. अधूनमधून वळून बघा.

उजव्या बाजूने चालवण्याची सवय पहिल्या तासाभरात होते. चूक होते ती फोटोला थांबून पुन्हा निघताना, रिकाम्या रस्त्यावर. आपोआप डावी बाजू धरली जाते. दोघांनी ठरवून टाका, निघताना पुढच्याने ‘उजवी’ असं मोठ्याने म्हणायचं.

रस्त्यावरच्या दोन पाट्या लक्षात ठेवा. ‘ग्राव्हियों’ म्हणजे नवी सुटी खडी टाकली आहे. मेपासून दुरुस्तीची कामं सुरू होतात आणि उताराच्या वळणात ती खडी कडेला साचते, म्हणून गाड्यांच्या चाकांनी स्वच्छ झालेल्या पट्ट्यातूनच वळा. ‘रूत बारे’ म्हणजे रस्ता बंद. वळसा मोठा असेल तर आधी जवळच्या बारमध्ये विचारा, बऱ्याचदा तो फक्त गाड्यांसाठी बंद असतो. दरड कोसळल्यामुळे बंद असेल तर मात्र सायकलही जात नाही.

नकाशा कागदी घ्या, मिशलँचा १ : १,५०,०००. पांढरे आणि पिवळे रस्ते आपले, लाल टाळायचे, हिरवी कड म्हणजे देखावा. रस्त्यावरचा एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून वर. बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं. ऊर्तिगासचा फेरा ठरवण्याआधी ते बाण बायकोलाही दाखवा.

---

गिअरनाना

एक राहिलं. मेमध्ये जाणार तर कॅसेट मार्चमध्येच बदला आणि साखळी-कॅसेट मिळून तीनेकशे किमी चालवा. नव्या केबल ताणल्या की गिअर सरकतात, ते इथेच जुळवून जाऊ दे. जाण्याच्या आधी ३४ च्या दातावर उभं राहून जोर लावून बघा. मागच्या डिरेलरचं वरचं चाक मोठ्या दाताला घासत असेल तर बी-स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत घ्या, पाच-सहा मिमी फट दिसेपर्यंत.